लेकीकडे पाठवायचा मासा

मु. चिचटोला, पो. सौंदड
९ सप्टेंबर २०२३

मोना,

तू जेवली असशील असं धरून चालते. विचारलं की तू नेहमी हो म्हणतेस आणि ते नेहमी खोटं असतं.

हे पत्र आणि सोबतचा डबा लीलाधरच्या हाती आहे. आपल्या गावचा लीलाधर आता भुवनेश्वरच्या गाडीवर लागला, एसी डब्यात चादरी-उशा वाटायच्या कामावर. शेजारच्या खुशबूचा नवरा, ओमेश, गोंदियाच्या फलाटावर डबा त्याच्या स्वाधीन करेल. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात सहा मरळी, आणि डबा साहेबलोकांच्या धुतल्या चादरींच्या मागे. वास आला तर लीलाधर म्हणणार, पुढच्या डब्यातून येऊन राहिला.

फोन का नाही केला, असं विचारू नको. तापानं माझे कान गेले तेव्हापासून तू तिकडून बोलतेस आणि मी इकडून हो हो करते, तेवढ्यात पैसे संपतात. वसतिगृहात होतीस तेव्हापासून आपलं पत्रच बरं.

आता कामाचं. मागच्या वर्षी मच्छीमार संस्थेनं गावाखालची बोडी आम्हा अकरा बायांच्या गटाला दिली, मरळ पाळायला. आजवर आम्ही मासे विकले, वाळवले, जाळी विणली, पण पाणी कायम बाप्यांच्या नावानं. बायांच्या नावानं पाणी झालं ते या एवढ्याशा तळ्याचं, आणि पहिल्याच वर्षी अर्ध्या मरळी मेल्या. यंदा पुन्हा तेच. मासा वाळत जातो, अंगावर फोड येतात, एका कुशीवर पोहतो आणि एक दिवस उलटा तरंगतो.

संस्थेचे अध्यक्ष केशोराव. ते चारचौघांत म्हणाले, "बायाइले पानी समजत नाई." दिवाळीनंतर मंडईची जत्रा झाली की सभा आहे. मासे का मरतात हे तोवर सांगता आलं नाही, तर बोडी परत घेणार.

लोक अजून मला विचारतात, तुमची मोनाली कोणाची डॉक्टर? मी म्हणते, माशांची. ते हसतात. एवढं यांचं हसणं बंद कर.

तुझी मोठीमाय
फुलवंता


भुवनेश्वर
२६ सप्टेंबर २०२३

मोठीमाय,

जेवले. खरंच जेवले. दिवसभर तुझ्या मरळींसोबत होते, त्यामुळे कँटीनमध्ये शेजारी कोणी बसलं नाही आणि ऐसपैस जेवता आलं.

सहाही मरळी मी स्वतः उघडल्या. हाताखाली चार मुलं शिकायला आहेत, पण म्हटलं, या डब्याला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. मोठीमाय, चौदा वर्षं मी मेलेले मासे वाचते आहे. इतक्या देखण्या मरळी माझ्या टेबलावर कधी आल्या नाहीत. कल्ले लालबुंद, काळीज गुळगुळीत, पोटात चरबी. जंतू नाही, कीड नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. सोबत प्रयोगशाळेच्या शिक्क्याचा अहवाल जोडते: रोग आढळला नाही. तो केशोरावांना दे. पाण्यातली हवा कमी पडत असेल, किंवा बोडीत मासे दाटीनं सोडले असतील. पाणी वरचेवर बदला आणि थोडे मासे काढून घ्या.

काल मुलांना शिकवताना नागपूरच्या पशुवैद्यक कॉलेजातला पहिला दिवस आठवला. सरांनी प्रत्येकाला विचारलं, कोणत्या जनावरात रस आहे? कोणी गाय म्हणालं, कोणी कुत्रा, एक जण घोडा. मी मासा म्हणाले. सर म्हणाले, नाडी कुठे बघशील, कल्ल्यात? सगळा वर्ग हसला. मला त्यांना सांगायचं होतं की मला चौथ्या वर्षापासून आईविना वाढवणाऱ्या बाईनं सौंदडच्या बाजारात टोपलीमागे बसवून सांगितलंय, माशाची नाडी डोळ्यात असते. डोळा फुगीर आणि काळा तो ताजा, खोल गेला तो शिळा. तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही. आज तेच यंत्रातून बघते आणि त्याचा पगार घेते.

माझं इकडे सगळं छान आहे. काळजी करू नकोस.

तुझी
मोना


चिचटोला
२७ नोव्हेंबर २०२३

मोना,

अक्षर पाहून दचकू नको. बोलणारी मी, लिहिणारी खुशबू. माझा चष्मा फुटला आहे. ही पोरगी बी.ए. झालेली, माझं बोलणं शाळेच्या भाषेत बसवते, तेव्हा या पत्रात मी तुला जरा शहाणी वाटेन.

सभा झाली. मंडईत रात्रभर दंडारीचा खेळ पाहून सगळे पेंगलेले, पण तुझा कागद निघाला तसे सावरून बसले. केशोरावांनी उभं राहून वाचला. तुझं नाव, तुझ्या पदव्या, शिक्का कुठला तेही. मला ऐकू आलं नाही, पण त्यांच्या ओठांवर तुझं नाव मला दिसलं. ऊर भरून आला बघ.

मग ते म्हणाले की डॉक्टरीणबाईच लिहितात रोग नाही, म्हणजे मासे बायकांच्या हलगर्जीपणानं मेले. होळीपर्यंत मुदत दिली. तोवर मरणं थांबलं नाही तर बोडी जाईल. गटातली पार्वताबाई भडकली, म्हणे कागद खोटा आहे. मी तिला गप्प बसवलं. मोनानं लिहिलं ते खरंच असणार. आमचंच कुठेतरी चुकत असेल. पाणी बदललं, मासे कमी केले, मरणं काही थांबलं नाही. पण तुझ्या कागदावर मी बोट ठेवणार नाही.

मरळी तुला आवडल्या, हे वाचून मात्र समाधान झालं. आवडणारच. दोन दिवस काठावर बसून निवडल्या होत्या. अंगावर डाग नाही, जाळ्यातून उडी मारतात अशा सहा. फोडवाल्या मरळी काय लेकीकडे पाठवायच्या? तुझे मोठेबा म्हणायचे, लेकीकडे टोपली रिकामी गेली तरी चालेल, पण किडकं जाऊ नये. ते गेले, पण हा नेम मी मोडला नाही.

धान कापून झालं. नवा तांदूळ पुढच्या खेपेला पाठवते.

मोठीमाय


भुवनेश्वर
३ डिसेंबर २०२३

मोठीमाय,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, आणि मग दार लावून रडले.

चूक माझी आहे, पूर्णपणे माझी. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, मासा उघडण्याआधी विचारा, हा मासा कोणी निवडला आणि कसा निवडला. परक्याचा डबा असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. तुझा होता म्हणून एकही विचारला नाही. डबा उघडला, चादरींना मारतात त्या अत्तराचा आणि बोडीच्या चिखलाचा वास एकदम आला, आणि मी डॉक्टर राहिलेच नाही. सुट्टीत घरी आलेली पोरगी झाले. तू मला बोडीतल्या सगळ्यात धडधाकट सहा मरळी पाठवल्यास, मी त्यांना धडधाकट म्हटलं, आणि त्या कागदानं तुम्हा अकरा जणींना हलगर्जी ठरवलं. वर तू माझी बाजू घेतलीस. पार्वताबाईला सांग, तिचं बरोबर होतं.

आता ऐक. लेक म्हणून मागत नाही, डॉक्टर म्हणून मागते. मला वाईटातली वाईट मरळ पाठव. फोड आलेली, वाळलेली, कुशीवर पोहणारी. धुवू नकोस, हळद-मीठ लावू नकोस. जिवंत नको, बर्फात दाबून दे. आणि असा मासा उघड्या हातानं धरू नकोस, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून घे. मोठेबांचा नेम मोडतो म्हणून वाईट वाटेल तुला. त्यांना माझं नाव सांग. म्हणावं, पोरीनं तोंडानं मागितलं.

आणखी एक. मरळींना खायला काय घालता, कसं घालता, कोण घालतं, सगळं लिहून कळव. काहीही क्षुल्लक समजू नकोस.

चष्मा लवकर करून घे. खुशबूचं अक्षर सुरेख आहे, पण तुझी एकीवर एक चढलेली अक्षरं दिसली नाहीत की पत्र अर्धंच आल्यासारखं वाटतं.

मोना


चिचटोला
१० डिसेंबर २०२३

मोना,

खुशबूले म्हटलं, आज माया बोलन्याले इस्त्री नोको करू. जसी बोलतो तसीच लिही.

डब्यात तीन मरळी हायेत. तुले पाह्यजे तशा. एकीच्या पाठीवर फोड, एकीचा डोरा बाहेर आला, अन् तिसरी त नुसती हाडं. पार्वताबाई डबा बांधून रायली होती अन् मी तोंड फिरवून उभी होती. तुह्या मोठेबाच्या फोटोपुढं जाऊन सांगतलं, पोरगी मांगते म्हनून देऊन रायलो, राग नोको धरू. जलमात पयल्यांदा तुले खराब पाठवून रायलो. हात नाई धजला वो माया.

चाऱ्याचं इचारलं तुनं. बजारात उरलेले बारके मासे आनतो. पावशीच्या पात्यावर बारीक कापतो अन् कच्चेच टाकतो. मेलेली मरळही फेकत नाई. तीही कापून त्यातच. आमच्या मेहनतीचा मासा, तो कावऱ्याले कायले द्यायचा? दोन वर्सं झाले, पावशीवर मीच बसतो. बाकीच्या बाया कापतात त जाड कापतात, बारक्या मरळीच्या तोंडात जात नाई.

केशोराव रोज सायकल घेऊन बोडीवरून जाते. थांबते, पाह्यते, काई बोलत नाई. बोलला असता त बरं होतं, भांडता त आलं असतं.

चष्म्याचं नोको इचारू आता.

मोठीमाय

(मोनालीताई, खालच्या ओळी माझ्या आहेत, काकींना कळवल्या नाहीत. काकींचा चष्मा धड आहे. माझी सात महिन्यांची पोरगी त्यांच्या मांडीशिवाय झोपायची नाही, आता दोन महिने झाले, त्या तिला हात लावत नाहीत. आमच्याकडे पाणी प्यायचं तर घरून आपला गिलास आणतात. उजव्या हाताला सदा फडकं. विचारलं तर म्हणतात, पावशी लागली. माझ्याकडून काही चुकलं असेल तर तुम्ही विचारून सांगाल का? मला फार लागून राहिलं आहे. — खुशबू)


भुवनेश्वर
१२ जानेवारी २०२४

मोठीमाय,

सापडला.

तिन्ही मरळींच्या काळजात तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गाठी होत्या. रंग देऊन यंत्राखाली धरल्या तर लाल काड्यांसारखे जंतू दिसले. खात्री करायला ते वाढवून बघावे लागतात आणि हा जंतू महाआळशी आहे, वाढायला महिना घेतला, म्हणून पत्राला उशीर. माशांचा क्षय म्हण याला.

माझ्या साहेबांनी सुचवलं, दुसऱ्या नमुन्याचा नवा अहवाल दे आणि पहिल्याचा विषय काढू नकोस. मी ऐकलं नाही. केशोरावांना टपालानं कागद पाठवला आहे: पहिला अहवाल रद्द, नमुना कसा घेतला याची चौकशी न करता दिला होता, जबाबदारी माझी. स्वतःचा कागद स्वतः खोडायची ही माझी पहिलीच वेळ. 

आता कडू ते सांगते. माशातल्या या रोगाला औषध नाही. आजारी मेलेली मरळ कापून त्याच पाण्यात घातली, म्हणून तो एकीकडून दुसरीकडे गेला. ही काटकसर होती, हलगर्जीपणा नव्हता, आणि तसं मी अहवालात लिहिलं आहे. पण बोडी पूर्ण रिकामी करावी लागेल. सगळ्या मरळी मारून चुन्यात पुरायच्या, तळ उन्हात तडकेपर्यंत वाळवायचा, पुढच्या पावसाळ्यात नवं बीज आणायचं आणि चारा उकळूनच घालायचा. दोन वर्षं जपलेलं मातीत घाला, असं मी तुम्हाला इथं खुर्चीत बसून सांगते आहे. मला शिव्या दे हवं तर.

आता तुझा चष्मा.

मोठीमाय, तुझ्या उजव्या हाताला गाठी आल्या आहेत ना? आधी पावशी लागली त्या जागी एक, मग मनगटाकडे ओळीनं दुसरी, तिसरी? दुखत नाहीत फारशा, पण भरतही नाहीत? मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. चारा कोण कापतं हे तूच लिहिलंस, आणि अक्षर दुसऱ्याचं आलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हा जंतू कापलेल्या जागेतून माणसाच्या हातात शिरतो. मला माहीत आहे, कारण २०१६ मध्ये तो माझ्या डाव्या हाताच्या बोटात शिरला होता. तुला मी लिहिलं होतं, दारात बोट सापडलं. दार वगैरे काही नव्हतं. बोट चिरावं लागलं, पाच महिने गोळ्या खाल्ल्या, आणि त्या पाच महिन्यांत तुला चार पत्रं लिहिली, चारही पत्रांत सगळं छान होतं. तू मरळी निवडून पाठवल्यास म्हणून तुला काय बोलू? मीही तुला इतकी वर्षं निवडूनच पाठवते आहे. तेव्हा खरं लिहिलं असतं तर गाठ दिसल्याबरोबर तू मला कळवलं असतंस.

आणि तू कशाच्या भीतीनं गिलास वेगळा केलास, तेही मला कळलं. हा महारोग नव्हे असं मला वाटतं. डॉक्टर तपासून पक्कं सांगतील. समज तो असता, तरी त्यालाही गोळ्या आहेत, तोही बरा होतो, त्यात लाजायचं काय? माशाचा हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. खुशबूच्या पोरीला मांडीवर घे.

हाताचा फोटो खुशबूच्या मोबाइलवरून पाठव. या वेळी चांगला हात नको. वाईट तोच.

मोना


चिचटोला
२० जानेवारी २०२४

मोना

डाव्या हातानं लिहिते. अक्षराला हसू नको.

फोटो नाही काढला. मोबाइलातला फोटो गावभर फिरतो. कागदावर उजवा हात ठेवला आणि भोवती पेन फिरवलं. तो कागद सोबत आहे. गाठ आहे तिथं फुली केली. पाच आहेत. दोन फुटल्या.

माझ्या आजीच्या हाताला असंच झालं होतं. तिला गोठ्यात ठेवली. मी सहा वर्षांची. तिचं ताट मी न्यायची, उंबऱ्यावर ठेवून पळायची. ती म्हणायची, फुलवंता, थांब ना गं थोडी. मी कधी थांबली नाही. ती तिथंच गेली.

म्हणून वाटलं, आता माझी पाळी.

आणि बाजारात लोक माझ्या हातचा मासा घेतात. हात असा दिसला असता तर अकरा जणींचा मासा कोणी घेतला असता? बोडी रोगानं गेली असती तर गेली असती, ती माझ्या हातानं जायला नको होती. म्हणून फडकं बांधलं.

खुशबूला सगळं सांगितलं. ती रडली आणि पोरगी माझ्या मांडीत टाकून स्वयंपाकाला निघून गेली.

हा कागद तपास. हा निवडून पाठवलेला नाही.

मोठीमाय


भुवनेश्वर
२५ जानेवारी २०२४

मोठीमाय,

तुझ्या कागदावर माझा हात ठेवून पाहिला. तुझा पंजा माझ्यापेक्षा अजून मोठा आहे. तुझी तिसरी फुली माझ्या मनगटाखाली आली.

कागदावरचा हात मला तपासता येत नाही, म्हणून मी येते. तीन आठवड्यांची रजा टाकली. लीलाधरच्याच गाडीनं निघते, तो म्हणाला, डब्याच्या जागी तुम्हालाच चादरींमागे बसवतो. गोंदियाहून सौंदडला रविवारी दुपारी पोहोचेन. सोमवारी आपण नागपूरला जायचं, वेळ घेऊन ठेवली आहे. मी माणसांची डॉक्टर नाही, पण माणसांच्या डॉक्टरांना नक्की काय शोधायचं ते सांगायला मी शेजारी बसणार आहे. परत आलो की बोडी रिकामी करायला मीही चिखलात उतरेन, हातमोजे घालून, आणि तुम्हा अकरा जणींसाठीही आणते आहे.

स्टेशनवर ये. खुशबूच्या पोरीला घेऊन ये. जखमेवर पट्टी असू दे, पण हात पदरात लपवू नकोस. गाडीतून उतरताना मला तो लांबूनच दिसला पाहिजे.

मोना


चिचटोला
८ डिसेंबर २०२४

मोना,

उजव्या हाताचं अक्षर ओळखलंस का? एकीवर एक चढतं आहे, म्हणजे माझंच. नागपूरला निघाला तो माशाचाच जंतू, त्याच्या गोळ्या ऑगस्टात संपल्या. गाठी गेल्या, डाग राहिले. पहिलं बोट पूर्ण वाकत नाही, पण बोट ते बोटच. तू पत्रांत सारखं विचारतेस म्हणून एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं होतं, ते आज हात चालला तसं लिहून काढते.

तू गेल्यावर संस्थेची सभा झाली होती. त्या दिवसाचं मी तुला नीट सांगितलंच नाही. आपण मरळी पुरल्या त्या दिवशी केशोराव काठावर उभे होते, ते तू पाहिलंस. पार्वताबाई एकेक मरळ चुन्यात ठेवताना रडत होती, तेव्हा ते चप्पल काढून खाली उतरले आणि खड्डा बुजवू लागले, तेही पाहिलंस. सभेत त्यांनी तुझा दुसरा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. या वेळी खुशबू माझ्या तळहातावर शब्द लिहून सांगत होती, त्याच हातावर, सगळ्यांच्या देखत. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "आपली चूक झाली असा कागद लिहून सही करनारा मानूस मी आजवर नाई पाह्यला. मंग मीही सांगतो, मी बायाइले बोललो ते चुकलो." बोडी पाच वर्षांसाठी गटाच्या नावानं झाली. पार्वताबाईनं जागेवरच शिट्टी मारली. तिला शिट्टी येते हे गावाला त्या दिवशी कळलं.

आता चारा मोठ्या गंजात उकळतो. त्या वासानं गावातली सगळी मांजरं सकाळी बोडीवर हजर असतात. केशोराव सायकल थांबवतात, झाकण उचलून बघतात आणि विचारतात, उकळी आली का? आता त्यांच्याशी रोज भांडता येतं.

खुशबूची पोरगी चालते. घरभर माझं बोट धरून फिरते. पाच बोटं पुढं केली तरी जे वाकत नाही तेच नेमकं धरते, त्याची पकड तिला बरी वाटत असेल. तिला घेऊन फिरताना कधीकधी आजी आठवते. परवा आपल्या गोठ्याच्या उंबऱ्यावर थोडी बसली. कोणाची वाट पाहत नव्हती, नुसती बसली. आजीनं थांब म्हटलं होतं, ते राहून गेलं होतं.

लीलाधरच्या हाती डबा पाठवते आहे. सहा मरळी. दोन दिवस काठावर बसून निवडल्या, अंगावर डाग नाही अशा. ऑक्टोबरात तू येऊन डोळे मिटून जाळं टाकायला लावलंस आणि वीस मरळी नेल्यास, त्यांत काही निघालं नाही असं तूच लिहिलंस. तेव्हा आता माझा नेम मला परत दे. या धुतल्या आहेत, हळद-मीठ लावलं आहे, तांदळाच्या पिठात तळल्या आहेत. आंबाडीची चटणी वेगळ्या पुडीत आहे.

या टेबलावर नेऊ नको. ताटात घे. आणि जेवले असं लिहिशील, ते खरं लिही.

तुझी मोठीमाय
फुलवंता